धागा: गावच्या सामायिक सोलरचं सामान कुठून अन् कसं घ्यावं? (औसा, जि. लातूर)

तेरणाकाठ
राम राम मंडळी. वाचतोय लई दिवसापासून, लिहायची वेळ पहिलीच. आमचं गाव औसा तालुक्यात, तीनेक हजार वस्तीचं. गावात दूध संस्था आहे, तिचा बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) आहे, नळयोजनेची 10 एचपीची मोटर आहे, आरओ प्लांट आहे अन् पोरांची अभ्यासिका. ह्या चारीचं लाईटबिल भरायचं म्हणजे दर महिन्याला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. दोन वर्षाखाली बिल थकलं अन् नळाचं कनेक्शन कट झालं, ऐन मे महिन्यात अकरा दिवस गावच्या बाया डोक्यावर पाणी वाहत होत्या. त्यात माझी आई पण होती.

तर आता संस्थेच्या वार्षिक सभेत ठरलंय की सगळ्यांनी मिळून 30 किलोवॅटचं सोलर बसवायचं. निम्मा पैसा संस्थेच्या नफ्यातला, बाकी घरटी वर्गणी अन् पुण्यात कामाला गेलेल्या पोरांनी धाडलेला. तीन कोटेशनं आलीत, एक लातूरचं, एक संभाजीनगरचं, एक गुजरातेतून व्हॉट्सॲपवर. किलोवॅटला 43 हजार, 52 हजार अन् 68 हजार. तिघंबी म्हणायलेत ए ग्रेड पॅनेल, ब्रँडेड इन्व्हर्टर, 25 वर्षं गॅरंटी. मग 43 अन् 68 मधी फरक कशाचा? समितीवर मला घेतलंय कारण मी आयटीआय केलोय पण सोलरचं काम कधी केलं नाही. कोटेशनचे फोटो टाकतो, जाणकारांनी बघा अन् मोकळं बोला.

वायरमन_वसमत
फोटो बघितले भाऊ. पहिली गोष्ट, ब्रँडेड हे काही नाव नाही. तिन्ही कोटेशनात पॅनेलचा मेक नाही, मॉडेल नंबर नाही, इन्व्हर्टरचा नाही, केबल किती स्क्वेअर एमएमची ते नाही, स्ट्रक्चरला, म्हणजे पॅनेलच्या सांगाड्याला, नुसतं "जीआय" (जस्त चढवलेलं लोखंड) लिहिलंय. अशा कागदावर 43 अन् 68 ची तुलनाच होत नाही. तुम्ही आधी तुमचा कागद बनवा, त्यात काय पाहिजे ते एकेक लिहा अन् तिघांना तोच कागद पाठवून त्यावर भाव मागा. मग बघा 43 वाला कुठं जातो अन् 68 वाला किती खाली येतो.

दुसरं, चार मीटर आहेत का एक? साधं नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची सोलर वीज लाईनला देऊन ती बिलातून वजा करून घेणं, त्या-त्या मीटरवर असतं. दूध संस्थेच्या छतावर 30 बसवलं तर ते युनिट संस्थेच्या बिलातून वजा होणार, नळाच्या मोटरीच्या नाही. अन् मीटरचा मंजूर भार जेवढा तेवढंच सोलर त्यावर बसतं. हे आधी बघा, सामान त्याच्यावरच ठरतं.

तेरणाकाठ
मीटर चार वेगवेगळे. मंजूर भार फक्त संस्थेचा मोठा आहे. हे तर तिघांपैकी एकानंबी विचारलं नाही.

वायरमन_वसमत
विचारणार नाहीत. त्यांना पॅनेल विकायचेत. मी तुमच्या जागी असतो तर नळाच्या मोटरीला ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनच्या, भानगडीत घातलंच नसतं. तिला सोलर ड्राइव्ह लावा, म्हणजे व्हीएफडी, पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारी पेटी, नऊ-दहा किलोवॅटचे पॅनेल थेट ड्राइव्हला अन् ड्राइव्ह मोटरीला. ऊन पडलं की मोटर चालू, लाईट असो नसो. पाणी दिवसा टाकीत चढवून ठेवायचं, बॅटरीचा खर्चच नाही. राहिलेलं 20 किलोवॅट संस्थेच्या मीटरवर ऑनग्रिड. आरओ अन् अभ्यासिकेचं काय करायचं ते बघू.

एक समजून घ्या, लई जण इथं फसतात. ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद होतो, मग कितीबी कडक ऊन असू द्या. तो बिघाड नाही, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. म्हणजे कूलरला जनरेटर ठेवावाच लागल.

सोयाबीन_पट्टा
सबसिडी काहून घेत नाहीत? पीएम सूर्यघरमधी 3 किलोवॅटला 78 हजार मिळायलेत, आमच्या गल्लीत चार जणांनी घेतले. सामायिकला किलोवॅटमागं 18 हजार असतात असं ऐकलंय.

बालाघाट
दादा, ते 78 हजार घरगुती मीटरला, अन् 18 हजारवालं गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापराला, 500 किलोवॅटपर्यंत. दूध संस्था त्यात बसत नाही. आमच्या केज तालुक्यातल्या संस्थेनं त्याच आशेवर चार महिने घालवले, एका एजंटानं "करून देतो" म्हणून फायलीचे पैसे घेतले अन् नंतर फोन उचलणं बंद. म्हणून सांगतो, सबसिडी नाही असं धरूनच हिशोब मांडा.

पण त्यात एक फायदा आहे. सबसिडी घेतली की डीसीआर पॅनेल सक्तीचं, म्हणजे आतला सेलसुद्धा भारतातच बनलेला पाहिजे. सबसिडी नसेल तर बाहेरचा सेल वापरून इथं बनवलेलं पॅनेलही चालतं अन् ते वॅटमागं काही रुपयांनी स्वस्त पडतं. मात्र नेट मीटरवर बसवायचं तर पॅनेल सरकारच्या एएलएमएम यादीत, म्हणजे मंजूर मॉडेलांच्या यादीत, पाहिजेच. अन् सेलची वेगळी दुसरी यादी, म्हणजे आतला सेलबी यादीतलाच पाहिजे, ती लागू व्हायला डिसेंबर 2024 च्या आदेशात 1 जून 2026 ही तारीख दिलीय, तर मंजुरी कधीची अन् माल कधीचा हे कागदात बांधून घ्या.

जीएसटीचंबी बघा. तुमच्या 52 वाल्या कोटेशनात 13.8 टक्के लावलाय. तो जुना हिशोब. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 वर आला. सामान अन् बसवणं एकत्र दिलं तर 70 टक्के रकमेवर 5 अन् 30 टक्के रकमेवर 18 लागतो, म्हणजे एकूण 8.9. त्या एका ओळीतच तुमचे साठ-सत्तर हजार चाललेत.

तेरणाकाठ
मामा, तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्ही तेवढे भरून मोकळे झालो असतो. रात्रीच समितीच्या ग्रुपवर टाकतो.

पाथरीची_मास्तरीण
अभ्यासिकेचं मी सांगते. आमच्याकडं शाळेच्या मागच्या खोलीत गावाच्या वर्गणीतून अभ्यासिका आहे, संध्याकाळी लाईट जाते म्हणून 2 किलोवॅट ऑफग्रिड (लाईनला न जोडलेलं, बॅटरीवरचं) घेतलं होतं. चार बॅटऱ्या आल्या, ट्यूब्युलर, 150 एएच लिहिलेल्या, सगळे खूश. पहिल्या वर्षी पोरं रात्री अकरापर्यंत बसायची. दुसऱ्या उन्हाळ्यात साडेआठलाच पंखे मंद व्हायला लागले, मला वाटलं पाणी कमी झालं असेल म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरलं तरी तेच. मग एक ओळखीचा पोरगा आला, त्यानं बॅटरीवरचं स्टिकर मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवलं. 150 एएच अॅट सी 20. म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी, वीस तासात हळूहळू रिकामी केली तर 150 देणारी. सोलरला सी 10 ची, म्हणजे दहा तासात उपसली तरी तेवढंच देणारी लागते, जिला रोज भरणं अन् रोज उपसणं झेपतं. कोटेशनात नुसतं "150 एएच सोलर बॅटरी" होतं, त्यामुळं भांडायलाबी जागा नव्हती. त्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं रोज स्टँडवरच्या दिव्याखाली जाऊन बसायची, ते डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

आता परत घेतलं तेव्हा लिथियम फेरो फॉस्फेट घेतली. महाग आहे पण पाणी भरणं नाही, अन् बहुतेक सगळी उपसता येते. फक्त खोली तापू देऊ नका. पत्र्याखाली मे महिन्यात कुठलीच बॅटरी सुखानं राहत नाही, आम्ही ती उत्तरेच्या भिंतीला लावून वर खिडकी काढलीय.

सावली_बी
ताई, सी 10 चं नवीनच कळलं. आमच्या मस्जिदीतबी तसंच झालं असंल, आज जाऊन स्टिकर बघते.

जालन्याचा_इन्स्टॉलर
मी ह्याच धंद्यात आहे, आठ वर्षं झाली, त्यामुळं थोडं आमच्या बाजूनं अन् थोडं तुमच्या.

लोकांचं सगळं लक्ष पॅनेलवर असतं. पॅनेल यादीतलं असलं की बऱ्यापैकी एकसारखंच निघतं. गुत्तेदार पैसे काढतो ते स्ट्रक्चर, केबल अन् अर्थिंगमधी, कारण तिथं कुणी बघत नाही. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं पाहिजे, थर किमान 80 मायक्रॉन, अन् ते भोकं पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर डिप केलेलं. जागेवर वेल्डिंग करून वरून चांदी कलर मारलेलं घेऊ नका, दोन पावसाळ्यात जोडापासून तांबडं पाणी उतरतं. कोटिंग मोजायचं छोटं मीटर येतं, आणायला सांगा, जो आणायला नाही म्हणतो त्याचं तिथंच कळतं. वारं 150 किमीचं धरून डिझाइन अन् त्यावर स्ट्रक्चरल इंजिनियरची सही. वळवाच्या वाऱ्यात पत्रे कसे उडतात ते आपल्या भागात सांगायला नको.

पॅनेलच्या डेटाशीटमधी एक आकडा बघा, टेम्परेचर कोइफिशंट, म्हणजे एका अंशाच्या गरमीला किती टक्के वीज घटते. पॅनेलवर जे 545 वॅट लिहिलंय ते 25 अंशाला. मे महिन्यात आपल्याकडं पॅनेल 65 च्या वर जातं. 0.35 वालं असेल तर 40 अंशाच्या फरकाला 14 टक्के गेले, 0.29 वालं टॉपकॉन (नव्या प्रकारच्या सेलचं) असेल तर साडेअकरा. मराठवाड्यात हा आकडा वॅटपेक्षा मोलाचा आहे. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू नका, खालून वारं खेळू द्या.

दूध संस्थेला गोठा लागून असेल तर अमोनियाचं सर्टिफिकेट मागा, आयईसी 62716. शेणामुताच्या वाफेनं फ्रेम अन् जोड खराब होतात.

आता ॲडव्हान्सचं. तुम्हाला वाटतं हा 70 टक्के आधी मागायलाय म्हणजे पळणार. मला डिस्ट्रिब्युटर पूर्ण पैसे भरल्याशिवाय एक पॅनेल सोडत नाही, छोट्या माणसाला उधारी मिळतच नाही. त्यावर उपाय असा, सामानाचे पैसे संस्थेनं थेट डिस्ट्रिब्युटरच्या खात्यावर भरावे, बिल संस्थेच्या नावानं घ्यावं, अन् बसवणाऱ्याला त्याची मजुरी टप्प्यानं. वॉरंटीपण मग थेट तुमच्या नावावर येते, उद्या मी धंदा बंद केला तरी तुमचं अडत नाही. फक्त तसं केलं तर 8.9 चा हिशोब राहत नाही, सामानाला अन् मजुरीला वेगळा जीएसटी लागतो, तो आधी मांडून बघा.

वायरमन_वसमत
जालनेकर बरोबर बोलले. केबलचं मी पुढं लिहितो. डीसी केबल, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची, तांब्याची, टिन लावलेली, 4 स्क्वेअर एमएमच्या खाली नको, वर आयएस 17293 छापलेलं बघा. घरची साधी वायर उन्हात दोन वर्षात तडकते. अन् एमसी 4 कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या केबली जोडायचा जोड. मागच्या वैशाखात एका जिनिंगवर बोलावलं होतं, एक स्ट्रिंग (एकामागं एक जोडलेल्या पॅनेलची माळ) बंद म्हणून. छतावर चढलो तर जळक्या प्लास्टिकचा वास. पॅनेलखाली हात घालून बघितलं, नर एका कंपनीचा अन् मादी दुसऱ्या कंपनीची, आत क्रिंपिंग पकडीनं दाबलेलं. सैल जोडात गरमी होऊन होऊन अख्खा कनेक्टर वितळून पत्र्याला चिकटला होता, खाली कापसाच्या गाठी. स्क्रू ड्रायव्हरनं खरडून काढावा लागला. त्या जोडाची किंमत पन्नास रुपये पण नाही. कागदात लिहा, दोन्ही बाजू एकाच मेकच्या अन् क्रिंपिंग टूलनंच दाबायचं.

अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे, एसीचा, डीसीचा अन् वीजरोधकाचा. तुमच्याकडं वर काळी माती अन् खाली लगेच दगड लागतो, तिथं दीड फूट खोदून पाइप ठोकून मोकळं होतात. मीटर लावून 5 ओहमच्या आत आणून दाखव म्हणायचं, सही करून घ्यायची. मृगात आपल्याकडं विजा किती पडतात, किती माणसं-जनावरं जातात, तेवढ्यावरून तरी हे कुणी टाळू नये.

सोयाबीन_पट्टा
वैजापूरकडं ढोंदलगावला सरकारनं 3 मेगावॅट उभं केलं, तसं गावानं का करू नये? भाव तरी कमी लागल.

बालाघाट
ते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतलं, शेतीच्या फीडरसाठी. ऑक्टोबर 2024 मधी लोकार्पण झालं, त्याच दिवशी आपल्या नांदेडच्या बामणीचं 5 मेगावॅटपण. आपलं काम वेगळं. पण भावाचं तुमचं खरं आहे. 3 मेगावॅटला 545 चे साडेपाच हजारावर पॅनेल लागतात, आपल्या 30 किलोवॅटला 55. 55 पॅनेलवाल्याला डिस्ट्रिब्युटर उभंच करत नाही. त्यासाठी दोन-तीन गावांनी एकत्र ऑर्डर टाकावी. आम्ही तसंच केलं, आमची संस्था, शेजारची एक अन् एक शाळा, तिघांचा माल एका ट्रकमधी आला, भाडं तिघांत वाटलं. बिलं मात्र तीन वेगळी घ्या.

अन् ग्रामपंचायतीचा पैसा ह्यात मिसळू नका. वित्त आयोगाचा अबंधित (ठराविक कामाला न बांधलेला) निधी वापरता येतो असं कुणी सुचवल, पण मग खरेदी सरकारी नियमानं, जेम पोर्टल (सरकारी खरेदीची वेबसाइट) नाहीतर टेंडर, अन् वस्तू कुणाच्या नोंदवहीत लिहायची ह्यावरून उद्या सरपंच बदलला की भांडण. मोटर पंचायतीची आहे तर ड्राइव्हचा सेट पंचायतीनं घेऊ द्या, संस्थेचं 20 किलोवॅट संस्थेनं. संस्थेला तर 1960 च्या सहकार कायद्याखाली ऑडिट असतं, ठराव, तीन कोटेशनं अन् तुलनेचा तक्ता फाइलला लागलेला पाहिजे. चेअरमनच्या मेव्हण्याला काम दिलं असं कुणी म्हणालं तर तो तक्ताच कामाला येतो.

भूमची_माती
तेरणाकाठ भाऊ, आम्हालाबी 20 किलोवॅट घ्यायचंय, बचत गटाच्या डाळमिलला. एकत्र ऑर्डर टाकायची असंल तर मी तयार आहे. मेसेज करते.

जालन्याचा_इन्स्टॉलर
ट्रक खाली करताना एक जण तिथं उभा राहा. पॅनेल 28 किलोचं असतं, हमाल डोक्यावर आडवं घेऊन चालतो, मधी वाकतं अन् आतल्या सेलला केसासारखी चीर जाते जी डोळ्याला दिसत नाही. दोघांनी उभं धरूनच उतरवायचं. फ्रेमवरचा अन् आतला सीरियल नंबर फ्लॅश टेस्ट रिपोर्टशी (कारखान्यात प्रत्येक पॅनेलचे वॅट मोजल्याचा कागद) जुळवून घ्या, माल उतरायच्या आधी रिपोर्ट मागा.

गारांचंबी सांगतो, पॅनेलची टेस्ट 25 मिमीच्या गारेला असते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चला पडलेल्या आठवा. विमा काढा.

सावली_बी
धुवायचं काय करता? आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो.

पाथरीची_मास्तरीण
बोअरच्या पाण्यानं धुतलं अन् उन्हात वाळलं की काचेवर तोच थर बसतो, मग घासून काच खराब. आम्ही पहाटे धुतो अन् लगेच वायपरनं ओढून घेतो. ह्यांच्याकडं आरओ आहे, त्याचं गोडं पाणी वापरावं, वाया जाणारं खारं पाणी नाही.

तेरणाकाठ
मंडळी, दोन महिन्यानं लिहितोय, माफ करा. वायरमन काकांनी सांगितल्याप्रमाणं अडीच पानांचा कागद केला, तिघांना पाठवला. 52 वाल्या गुजरातवाल्यानं उत्तरच दिलं नाही. 43 वाला 51 वर आला, 68 वाला 56 वर. आम्ही 51 घेतलं नाही, 56 वालं घेतलं, कारण त्याचा माणूस लातुरात राहतो अन् बिघाड झाला तर 48 तासात येईन, नाही आला तर दिवसाला दंड, असं त्यानं स्टँपवर लिहून दिलं. सभेत ह्याच्यावर दीड तास वाद झाला, पाच हजार जास्त का म्हणून. शेवटी म्हातारे पाटील आजोबा उठले अन् म्हणाले कूलर एक दिवस बंद पडला तर दूध कुठं ओतायचं ते सांगा, मग गप झाले सगळे.

भूमच्या ताईसोबत ऑर्डर टाकली, आमचे संस्थेचे 37 अन् त्यांचे 37, एकाच गाडीत. पैसे 10 टक्के ऑर्डरला, 60 माल तपासल्यावर, 20 बसवल्यावर, 10 नेट मीटर लागून पहिलं बिल आल्यावर. ह्याच्यावर तो कुरकुरला पण मानला. नळाच्या ड्राइव्हचं पंचायतीनं वेगळं टेंडर काढलंय, ते अजून चालू आहे. आरओ सध्या तसाच राहिला. अभ्यासिकेला 2 किलोवॅट अन् लिथियम बॅटरी घेतली, ती उत्तरेच्या भिंतीलाच लावलीय ताई.

गाडी आली त्या रात्री नऊ वाजले होते. दोन पोरं टॉर्च धरून, एक जण मोठ्यानं नंबर वाचणार अन् मी रिपोर्टवर खूण करणार, असं साडेअकरापर्यंत चाललं. 37 पैकी 33 जुळले. चार पॅनेल त्याच कंपनीचे पण दुसऱ्याच मॉडेलचे, पाच वॅट कमीचे, अन् त्यांचे नंबर रिपोर्टात नव्हतेच. ड्रायव्हर म्हणायला ठेवून घ्या, काय फरक पडतो. आम्ही त्या चारीवर खडूनं फुली मारली, पावतीवर "33 मिळाले, 4 परत" लिहून त्याची सही घेतली अन् चारी परत गाडीत चढवले. भूमच्या ताईला लगेच फोन केला, त्यांनी सकाळी तपासलं तर त्यांच्यात दोन निघाले. सहाही पॅनेल बाराव्या दिवशी बदलून आले.

स्ट्रक्चरचं कोटिंग मोजलं, एका पायाला 62 निघालं, तो बदलायला लावला. अर्थिंग पहिल्यांदा 9 ओहम आलं, खड्डा खोल करून दुसऱ्यांदा 4.2. मंगळवारी मीटर टेस्टिंगला द्यायचंय.

वायरमन काका, एक विचारायचं राहिलं. इन्व्हर्टर कूलरच्याच खोलीत लावा म्हणतोय तो, पण तिथं रोज फरशी धुतात, पाणी उडतं. आयपी 65 आहे म्हणून चालल म्हणतो. चालंल का?

वायरमन_वसमत
नको. आयपी 65 ला पाणी उडालेलं चालतं पण तिथं दमट हवा कायम राहणार अन् कूलरच्या कंडेन्सरची गरमीबी. बाहेरच्या भिंतीला लावा, उत्तरेला नाहीतर पूर्वेला, वर पत्र्याची छपरी, जमिनीपासून चार-साडेचार फूट म्हणजे लहान पोरांचा हात लागणार नाही अन् मोठ्याला डिस्प्ले वाचता येईल. केबलचा पाइप खालून घ्या, वरून घेतला तर पावसाचं पाणी केबलवरून थेट आत जातं. टेस्टिंग झालं की पहिल्या दिवशीचे युनिट इथं टाका, 20 किलोवॅटला निरभ्र दिवशी 80 च्या आसपास यायला पाहिजेत, 65 च्या खाली आले तर मला फोटोसह लिहा.